गोरख इथे नाही

ढमाले सर सुदुंबऱ्याच्या फाटकाशी आले तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. गोरखने त्यांना अकराचीच वेळ दिली होती. तो ऑफिसच्या खिडकीत उभा राहून बघत होता. खिडकीला काळी काच असल्यामुळे बाहेरून आतलं काही दिसत नसे. आतून मात्र फाटक, समोरचा रस्ता आणि रस्त्यापलीकडची बाभळ सगळं दिसे.

सर शहात्तर वर्षांचे झाले होते. लोणावळ्याहून एसटीने सोमाटणे फाट्यापर्यंत, तिथून वडापच्या रिक्षाने गावापर्यंत आणि गावाच्या कमानीपासून पुढे पायी, असे ते आले होते. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं, सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि फाटकावरच्या राजमहंमदला नाव सांगितलं.

राजमहंमदने ठरल्याप्रमाणे उत्तर दिलं. "शेठ हितं न्हाईत."

"अकराला बोलावलंय त्यांनी. फोन झालाय आमचा."

"न्हाईत. पुढच्या शनवारी या."

सर थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग बाभळीखाली गेले, पिशवीतली बाटली काढून पाणी प्यायले आणि अर्ध्या तासाने आल्या वाटेने चालू लागले. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत गोरख खिडकीत उभा होता. वाटलं होतं तेवढं बरं त्याला वाटलं नाही. पण बरं वाटलं.

गोरखची सुदुंबऱ्यात आठ एकरांवर पॉलिहाऊस होती. तिथले गुलाब फेब्रुवारीत परदेशी जात आणि उरलेलं वर्षभर दिल्ली-हैदराबादच्या लग्नांत. साठ माणसं त्याच्याकडे कामाला होती. वर्तमानपत्रांत त्याच्यावर दोन-तीनदा लिहून आलं होतं आणि दरवेळी त्याने एकच सांगितलं होतं, की मी जो काही आहे तो ढमाले सरांमुळे.

ते खरंही होतं. लोणावळ्याहून कुरवंड्याला जाणाऱ्या वाटेवर सरांनी चाळीस वर्षांपूर्वी अनाथ मुलांसाठी बालसदन काढलं होतं. गोरख तिथे सहा वर्षांचा असताना आला. बाप आधीच गेला होता. आई रतनबाई आष्टीकडची, मुकादमाच्या टोळीबरोबर द्रुतगती मार्गाच्या कामावर खडी वाहायला आलेली. पत्र्याच्या खोपीत पोराला एकटं ठेवायची तिला भीती वाटे. काम संपेपर्यंत सांभाळा, असं सांगून तिने त्याला सरांच्या हवाली केलं. बांधकामाला अमावास्येची सुट्टी असे. दर अमावास्येला ती यायची आणि त्याला मांडीवर घेऊन पायरीवर बसायची.

वर्षभराने एके दिवशी सरांनी गोरखला जवळ घेतलं आणि सांगितलं, तुझी आई कामावर अपघातात गेली.

त्यानंतर त्याचं जे काही होतं ते सरच होते. शिष्यवृत्तीचे अर्ज त्यांनी भरले. कृषी महाविद्यालयात तेच सोडायला आले. पहिल्या पॉलिहाऊसच्या कर्जाला जामीन तेच राहिले, आणि मानसीच्या घरी लग्नाचं बोलायला वडील म्हणून तेच गेले. मोठा झाल्यावर गोरख दर गुरुपौर्णिमेला त्यांच्या पाया पडायला जाई.

गेल्या दिवाळीपर्यंत हे असं होतं. दिवाळीत तो विठाबाईला लुगडं द्यायला कुरवंड्याला गेला. विठाबाईने बालसदनाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं भाकऱ्या थापल्या होत्या, आता ती भाच्याकडे राहत होती. दरवर्षी लुगडं घेतलं की ती त्याच्या गालावरून हात फिरवायची. या वेळी तिने लुगड्याची घडी उचलून परत त्याच्या मांडीवर ठेवली.

"मला ह्ये घेववत न्हाई, गोरख. डाक्तर म्हनतोय, माजं आता थोडंच ऱ्हायलंय. ऊर लय जड झालाय."

"काय झालं मावशी?"

"तुजी आई मेली न्हवती."

गोरखला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. पण ती त्याच्याकडे सरळ बघत होती.

"तुला सांगितल्यावर बी ती येत हुती. अकरा अवसा आली. फाटकाशी हुबी ऱ्हायची. सरांनी फाटकावरल्याला सांगून ठेवल्यालं, पोरगं हितं न्हाई म्हनायचं. चांगल्या घरी दिलंय, परत येऊ नको म्हनायचं. ती जायची, अन् फुडल्या अवसंला परत यायची."

"आणि मी? मी कुठे होतो?"

"वरल्या खोलीत. सर तुला गनित शिकवायचे."

ते गोरखला चांगलं आठवत होतं. अमावास्येला सर त्याला एकट्याला वर बोलावत, दार लोटून घेत आणि दुपार कलेपर्यंत गणितं घालत. चाळीस पोरांतून सरांनी आपल्यालाच निवडलं, याचा त्याला केवढा अभिमान होता. सत्काराच्या भाषणांतही तो ही आठवण सांगत आला होता.

"म्या भ्याले," विठाबाई म्हणाली. "नवऱ्यानं टाकल्याली बाई मी. सरांनी काडलं आसतं तर कुटं गेले आसते? ती शेंगदान्याचं लाडू आनायची. ते म्या मागल्या दारानं घ्यायची अन् तुला द्यायची. तेवडंच केलं."

लाडूही त्याला आठवत होते. स्वयंपाकघरातले म्हणून त्याने ते खाल्ले होते.

"बाराव्या अमावास्येला काय झालं?"

"न्हाई आली. का न्हाई, ते मला ठावं न्हाई."

गोरखने लुगडं तिच्या उशाशी ठेवलं आणि तो खाली रस्त्यावर आला. घरी आल्यावर चार दिवस तो मानसीशीसुद्धा बोलला नाही. पाचव्या दिवशी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा आणि त्यांना विचार."

"विचारलं की ते उत्तर देतील," गोरख म्हणाला. "मला उत्तर नकोय."

जानेवारीत सरांचाच फोन आला. बालसदनाची इमारत धोकादायक ठरली होती. पावसाळ्याच्या आत नवी सोय झाली नाही तर मुलं निरनिराळ्या संस्थांत पाठवणार, अशी नोटीस होती. "गोरख, तुझ्याशिवाय मी कोणाकडे बघू?" सर म्हणाले.

"या ना सर. व्हॅलेंटाईनची तोडणी संपली की शनिवारी अकराला या. कागद घेऊन या."

त्याच आठवड्यात गोरख लोणावळ्याला जाऊन अनिताताईंना भेटला. त्या बालसदनाच्या अधीक्षिका. रोजचं सगळं त्याच बघत. सर अध्यक्ष म्हणून आवारातल्या छोट्या घरात एकटे राहत. गोरखने अनिताताईंना सांगितलं की इमारत मी बांधून देतोय, मुलांसाठी तोपर्यंत भांगरवाडीत बंगला भाड्याने घेतोय, फक्त सरांना यातलं काही कळता कामा नये. कारणही सांगितलं.

"म्हणजे ते तुमच्याकडे उगाचच खेपा घालणार," अनिताताई म्हणाल्या.

"हो."

"मला हे पटत नाही, गोरखदादा."

"पटवून घेऊ नका. मुलांचं काम एक दिवससुद्धा अडणार नाही, तेवढं तुम्ही बघा."

त्या हो म्हणाल्या नाहीत. पण सरांना त्यांनी काही सांगितलंही नाही.

पहिल्या खेपेनंतर संध्याकाळी सरांचा फोन आला. गोरखने अगदी गोड आवाजात माफी मागितली. अचानक मुंबईला जावं लागलं, पुढच्या शनिवारी नक्की. पुढच्या शनिवारी सर आले आणि राजमहंमदने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी सरांनी सोबत नकाशाची गुंडाळी आणली होती. चौथ्या वेळी ती नव्हती. मार्च लागला, उन्हं चढली, रस्त्यावरचं डांबर दुपारी चपलेला चिकटू लागलं. सर बाभळीखाली बसत. ती सावली विरळ होती, ऊन सरकलं की तेही सरकत.

गोरख दर शनिवारी खिडकीत उभा राही. आत फुलं बांधणाऱ्या बायकांच्या बांगड्यांचा आवाज येत राही आणि तो बाहेरच्या म्हाताऱ्याकडे बघत राही. कधी त्याला तिथे सरांच्या जागी आई दिसे. पण तिचा चेहरा त्याला आठवत नव्हता. हिरवं लुगडं आठवे, हाताला येणारा सिमेंटचा वास आठवे. चेहऱ्याच्या जागी काहीच नसे. मग त्याला सरांची दया येण्याची भीती राहत नसे.

सहाव्या शनिवारी सरांना चक्कर आली. राजमहंमदने त्यांना धरून पंपाच्या खोलीत नेलं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पाजलं, तासाभराने स्वतःच्या मोटारसायकलवरून कमानीपर्यंत सोडलं. परत येऊन तो थेट ऑफिसात आला. पासष्टीचा माणूस, गोरखकडे सुरुवातीपासून होता. गोरख त्याला चाचा म्हणे.

"शेठ, नोकरी तुमची हाय. पन खोटं माज्या तोंडातनं निगतंय."

"चाचा, त्या माणसाने काय केलंय ते तुम्हाला माहीत नाही."

"न्हाई म्हाईत. तुमी सांगू बी नका. त्यानं कायबी केलं आसंल. पन मी त्याचं कायबी देनं लागत न्हाई, अन् तो माज्याकडं बगून इचारतो, शेठ खरंच न्हाईत का. मी फुडल्या शनवारी ह्ये म्हननार न्हाई."

"ठीक आहे," गोरख म्हणाला. "पुढच्या शनिवारी मी म्हणतो."

सातव्या शनिवारी गोरख स्वतः फाटकावर गेला आणि त्याने एक दार उघडलं. त्याला बघून सरांचे खांदे सैल पडले, चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं.

"भेटलास बाबा एकदाचा. अरे, किती खेपा..."

"कोण पाहिजे?"

"म्हणजे?"

"गोरखला भेटायला आलात ना? गोरख इथे नाही."

सर हसतच होते. "म्हाताऱ्याची चेष्टा करतोस होय?"

"गोरखला चांगल्या घरी दिलंय. परत येऊ नका."

हसू एकदम गेलं नाही. ओठांवर ते तसंच राहिलं आणि वर डोळे तेवढे बदलले. सरांनी फाटकाची सळई धरली. उन्हाने ती तापलेली असणार, पण त्यांनी हात काढला नाही.

"कोणी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं.

हे खोटं आहे, असं ते म्हणाले नाहीत. गोरख सहा शनिवार नकळत त्याच एका वाक्याची वाट बघत होता, हे त्याला तेव्हा कळलं. त्याने दार लावून घेतलं आणि तो आत गेला.

आता सर येणार नाहीत, असं सगळ्यांना वाटलं. पण आठव्या शनिवारी ते आले. फोन केला नव्हता. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही, बाभळीखाली बसले, तासाभराने उठून गेले. नवव्या शनिवारी राजमहंमदने त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची नेऊन ठेवली. गोरख बाहेर आला आणि म्हणाला, "चाचा, खुर्ची आत घ्या. माझ्या आईला कोणी खुर्ची दिली नव्हती." हे सरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो बोलला. सर खुर्चीवरून उठले आणि त्यांनीच ती उचलून फाटकापर्यंत आणून दिली.

त्या संध्याकाळी मानसी त्याच्याशी भांडली. "त्यांना कळलंय, गोरख. आता अजून काय पाहिजे तुला?"

"अकरा खेपा झाल्या पाहिजेत."

"आणि मध्येच उन्हाने मेले तर?"

"मेले तर मेले."

मानसीने ताट तसंच ठेवलं आणि ती उठून गेली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, असं तिने कधी केलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, अकराव्या खेपेला, गोरखने फाटक सताड उघडलं आणि सरांना ऑफिसात घेतलं. बसा म्हणाला नाही. सर टेबलासमोर उभे राहिले, पिशवी दोन्ही हातांत धरून. दहा आठवड्यांत ते वाळून गेले होते.

"बोला," गोरख म्हणाला.

"तुझी आई येऊन गेली की तू आठ-आठ दिवस धड जेवायचा नाहीस. दोनदा पळून गेलास. दुसऱ्या खेपेला रुळांच्या कडेने चालताना सापडलास." सर थांबत थांबत बोलत होते, पण आवाज पक्का होता. "काम संपलं की ती तुला घेऊन पुढच्या कामावर जाणार होती. अशी कितीतरी पोरं मी जाताना बघितली. त्यातलं एकही शिकलं नाही. तुझ्यासारखी बुद्धी माझ्याकडे कधी आली नव्हती. म्हणून तुला मी जाऊ दिलं नाही. ते चूक होतं. पण आज तू कुठे उभा आहेस ते बघ."

"मुंबईचे देणगीदार फक्त आईबाप नसलेल्या मुलालाच शिक्षणासाठी दत्तक घेणार होते. अनिताताईंनी मला जुनी पत्रं दाखवली. तेही कारण होतं ना?"

"तेही होतं."

"मी खडी फोडली असती, सर. माझी पोरंही कदाचित खडीच फोडत असती. पण ती मला बघायला आली होती आणि मी वर बसून तुमची गणितं सोडवत होतो. मला त्याचा आनंद व्हायचा."

सर काळ्या काचेतून बाहेरच्या बाभळीकडे बघत होते.

"बाराव्या अमावास्येला ती का आली नाही?"

सरांनी पिशवी टेबलावर ठेवली. मग पुन्हा उचलून घेतली.

"ती थांबतच नव्हती," ते म्हणाले. "अकराव्या खेपेला मीच खाली आलो. म्हटलं, पोरगा तापाने गेला."

बाहेर पाण्याचा पंप चालू झाला. गोरख त्याचा आवाज ऐकत राहिला.

"मग?"

"रडली नाही. जागा दाखवा म्हणाली."

"आणि तुम्ही दाखवलीत."

"मागच्या उतारावर, जांभळीखाली. ती तिथे संध्याकाळपर्यंत बसली होती. नंतर कधी आली नाही."

गोरखने या भेटीसाठी कितीतरी दिवस वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही त्याला आठवेना. त्याने गाडीची किल्ली घेतली.

"चला."

सुदुंबऱ्यापासून लोणावळ्यापर्यंत गोरखने कुठे गाडी थांबवली नाही. बालसदनात मुलं नव्हती. अनिताताईंनी आठ दिवसांपूर्वीच त्यांना भाड्याच्या बंगल्यात हलवलं होतं, सुट्टीत इमारतीची दुरुस्ती आहे असं सरांना सांगून. त्या एकट्या सामानाची आवराआवर करत होत्या. गोरखने शेडमधून कुदळ घेतली आणि सरांच्या हातात दिली.

सर मागच्या उतारावर पुढे चालले. जांभळीखाली, खोडापासून पुरुषभर अंतरावर काळ्या दगडाजवळ थांबले. त्यांना जागा शोधावी लागली नाही. पंचवीस वर्षं झाली होती, तरी ते सरळ तिथे गेले. या जागेकडे ते इतक्या वर्षांत अनेकदा बघत आले असणार, हे गोरखला समजलं, आणि त्याला त्यामुळे राग जास्तच आला.

"उकरा."

"इथे काही नाही, गोरख. मी सांगितलं ना तुला."

"काही नाही ते मला माहीत आहे. तरी उकरा. तिने काय बघितलं ते तुम्हीही बघा."

सरांनी कुदळ उचलली. जमीन कोरडी होती. चार-पाच घावांत त्यांना दम लागला. मग त्यांनी गुडघे टेकले आणि ते हातांनी माती ओढू लागले. अनिताताई धावत आल्या.

"पुरे करा दादा. त्यांचं वय बघा."

"तुम्ही आत जा, ताई."

त्या आत गेल्या नाहीत. पण त्यांनी कुदळही घेतली नाही.

हातभर खाली सरांच्या बोटांना काहीतरी लागलं. प्लॅस्टिकच्या पिशवीचं विरलेलं टोक होतं. सरांनी ती ओढली तशी ती फाटली आणि आतून चपला निघाल्या. लहान मुलाच्या, प्लॅस्टिकच्या, पट्ट्याच्या. बक्कल गंजलं होतं, निळा रंग मात्र अजून कळत होता. त्या कधी कोणी घातल्या नव्हत्या. आठ वर्षांच्या मुलाला त्या थोड्या मोठ्याच झाल्या असत्या. इतक्या महिन्यांत पोरगं वाढलं असेल, असा अंदाज करून तिने त्या घेतल्या असाव्यात, आणि त्या दिवशी द्यायला आणल्या असाव्यात.

सर मातीत बसले. चपला त्यांच्या दोन्ही तळव्यांवर होत्या.

"मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले. "गोरख, हे मला माहीत नव्हतं."

गोरखने वाकून त्यांच्या हातातून चपला घेतल्या. लहानपणी तो पडला की सर त्याला उचलून घेत. आता त्याने सरांना उठायला हात दिला नाही.

"राजीनामा आज लिहा. आवारातलं घर आठ दिवसांत सोडा. इमारत मुलांची आहे, ती होईल. ते पहिल्या शनिवारच्या आधीच ठरलं होतं. विचारा ताईंना."

सरांनी अनिताताईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

"म्हणजे मी जे येत होतो..."

"उगाच येत होता," गोरख म्हणाला. "तीही उगाचच येत होती."

सरांना अनिताताईंनी उठवलं. त्यांनी त्याच दुपारी राजीनामा लिहिला. कोणाला कारण सांगितलं नाही, गोरखचं नाव घेतलं नाही, आणि आठ दिवसांच्या आत ते निगडीला मुलीकडे राहायला गेले. जाण्याआधी त्यांनी अनिताताईंजवळ एक चिठ्ठी ठेवली. त्यात रतनबाईच्या मुकादमाचं नाव आणि गाव होतं. एवढंच. क्षमा वगैरे काही लिहिलं नव्हतं.

पावसाआधी इमारतीचा पाया झाला. आधीच्या आराखड्यात दर्शनी भागात संस्थापकांचं दालन होतं. गोरखने ते काढून टाकलं आणि तिथे मुलांना भेटायला येणाऱ्यांसाठी मोठी खोली करायला सांगितली. दाराच्या वर कोणाचं नाव घालायचं, असं ठेकेदाराने विचारलं. कोणाचंच नाही, असं त्याने सांगितलं. कुरवंड्याला विठाबाई जुलैत वारली. गोरख तिच्या मातीला गेला होता, खांदाही दिला.

मुकादम मेला होता, पण त्याच्या मुलाने शोध काढला. रतनबाई शेवटी आष्टी तालुक्यात भावाकडे राहिली होती आणि चौदा वर्षांपूर्वी काविळीने गेली. ऑगस्टमध्ये गोरख आणि मानसी तिथे गेले. भाऊही आता नव्हता. त्याची बायको घरात होती. हा कोण ते सांगितल्यावर ती बाई आधी मागे सरकली. मग जवळ येऊन तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि खूप वेळ बघितला.

"माजं पोरगं लोनावळ्याला पुरलंय, आसं म्हनायची," ती म्हणाली. "दुसरं लगीन लावून देत हुतो. न्हाई केलं."

घरात रतनबाईचं एकच छायाचित्र होतं, मतदार ओळखपत्रावरचं. मामीने ते ट्रंकेतून काढून दिलं. नखाएवढा काळपट फोटो, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याकडे नीट न बघणारी बाई. गोरखने ते उजेडात धरलं. तिच्या कपाळाची ठेवण, भुवया, खालचा जाड ओठ त्याच्यासारखाच होता. तेव्हा तो पहिल्यांदा रडला, मामीच्या ओट्यावर बसून, सगळ्यांसमोर.

परत आल्यावर त्याने तळेगावच्या स्टुडिओतून तो फोटो मोठा करून घेतला. एक प्रत घरात लावली. दुसरी पाकिटात घातली, सोबत चिठ्ठी न जोडता, आणि निगडीच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवली, पोचपावतीसह. आठवड्याने पावती परत आली. तिच्यावर सरांची स्वतःची सही होती.

गोरखने ती ड्रॉवरमध्ये ठेवली आणि पुढच्या महिन्यात आणखी एक प्रत पाठवली. मग त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी एक. दरवेळी पावती सही होऊन येई. पाकीट कधी नाकारलं गेलं नाही.

चौथ्या वेळी तो पत्ता लिहीत असताना मानसी टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"हे किती दिवस चालणार?"

"माहीत नाही," गोरख म्हणाला आणि त्याने पाकिटाला डिंक लावला.